बिनमार्काचे दोन प्रश्न

मी आयुष्यात एकाही परीक्षेत नापास झाले नाही. हे मिरवायला सांगत नाहीये. दहावीला बोर्डात आले, मेडिकलला विद्यापीठात दुसरी आले, आणि करमाळ्यात दवाखाना टाकून चोवीस वर्षं झाली तरी दर शनिवारी दुपारी जेवण उरकलं की मी पेपर सोडवायला बसत होते. माझ्या वयाच्या बाकीच्या बायका त्या वेळी अंमळ आडव्या होतात.

पेपर काढायचा मास्तर. मास्तर म्हणजे माणूस नव्हे, यंत्र. त्याचं सरकारी नाव लांबलचक होतं, ते कुणी घेत नसे.

स्वास्थ्यछत्र योजना आली आणि दवाखान्यांचा सगळा संसारच पालटला. घरटी एक कार्ड, आणि प्रत्येक कार्ड कुठल्या तरी एका डॉक्टरच्या नावावर. माझ्या नावावर एकतीसशे कार्डं होती. त्या घरांचा ताप-खोकला मी बघायचा, आणि मोठी तपासणी, भरती, शस्त्रक्रिया लागली तर योजनेची मंजुरी घेऊन पुढे पाठवायचं. मंजुरीवाचून कार्डवाल्याला हात लावायला मोठ्या हॉस्पिटलांना बंदी होती, पदरचे पैसे भरतो म्हटलं तरी. कारण पूर्वी गुडघा दाखवायला गेलेल्या माणसाच्या हृदयात स्प्रिंगा बसवून परत पाठवणारी मंडळी होती, त्यांना चाप लावायचा होता. नातेवाइकाचं कार्ड स्वतःकडे ठेवता येत नसे. घरच्या माणसाला तपासताना डॉक्टरची नजर ठिकाणावर राहत नाही, असं म्हणणं होतं. नियम सगळे शहाणेच होते, हे मला मुद्दाम सांगायचंय.

कार्डं टिकवायची तर डॉक्टरनं शिकत राहायचं, ही मुख्य अट. आमच्यातल्या कित्येकांनी पदवीनंतर औषध कंपनीच्या कॅलेंडरापलीकडे काही वाचलं नव्हतं, तेव्हा तक्रार करायला तोंड कुणाला होतं? दर शुक्रवारी मास्तर बारा केसेस पाठवायचा. दुर्मीळ रोगांच्या भानगडी नाहीत. ताप, खोकला, साखर, रक्तदाब, कंबर, पित्त. शंभरातले नव्वद पेशंट जे घेऊन येतात तेच. प्रत्येकाला चार पर्याय, रविवार संध्याकाळपर्यंत मुदत. ओळीने चार आठवडे आठाच्या खाली गुण पडले की कार्डं दुसऱ्या डॉक्टरकडे वळती.

आणि मास्तर शिकवायचा उत्तम. चक्कर येणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला उभं करून पुन्हा रक्तदाब बघावा, हे मी पुस्तकात वाचलं होतं. करायला मास्तरनं लावलं. त्यामुळे किती खुब्याची हाडं वाचली असतील देव जाणे.

बारांपैकी दोन प्रश्न बिनमार्काचे असत. कोणते दोन, ते कधी कळायचं नाही. पुढच्या वर्षीचे प्रश्न तपासून बघत असेल, असं आम्ही धरून चाललो होतो. विचारावंसं कुणाला वाटलं नाही. ज्याला मार्क नाहीत त्याची चौकशी कशाला?

आता माझ्या चुकीचं सांगते. माझे यजमान आजारी पडले तेव्हा आठ महिने मी पुण्याला त्यांच्या उशाशी होते. त्या आठ महिन्यांत तालुक्यातल्या चाळीस डॉक्टरांनी पाळी लावून माझा दवाखाना चालू ठेवला. एकानंही उपकाराची भाषा केली नाही. यजमान गेले, मी परत आले, आणि तेव्हाच मास्तर सुरू झाला. डॉ. भारत फंड एकदा सहज म्हणाले, "ताई, माझी ओपीडी शंभराची, पेपर सोडवू कधी? तुम्ही सोडवताच, तर उत्तरं टाका की ग्रुपवर." मी टाकली. उतराई व्हायची संधी मिळाली याचं मला बरंच वाटलं. तीन वर्षं एकही शनिवार चुकला नाही.

माझी उत्तरं क्वचितच चुकायची, त्याचंही एक गुपित आहे. आजार ओळखण्यात मी बेताचीच असेन. पेपर काढणाऱ्याच्या मनात काय आहे, हे ओळखण्यात मात्र माझा हात धरणारा कोणी नव्हता. शाळेपासून हीच माझी विद्या. ही गोष्ट घडली त्या महिन्यात मास्तरनं 'पेशंट विनाकारण पुढे पाठवू नका' हा धडा लावला होता. आधीच्या तीन आठवड्यांत छातीत जळजळ म्हणून आलेली प्रत्येक केस पित्तच निघाली होती. त्या शनिवारी सातव्या केसला मी 'पित्त' लिहिलं. वाचून व्हायच्या आधीच लिहिलं म्हटलं तरी चालेल.

मंगळवारी सकाळी दहाच्या सुमाराला आक्का दवाखान्यात आली.

आक्का म्हणजे माझी थोरली बहीण महानंदा. आई गेली तेव्हा मी नऊ वर्षांची होते आणि ती सोळाची. माझ्या वेण्या घालणं, माझी फी भरायला वडिलांशी भांडणं, मला होस्टेलवर सोडून येताना एसटीत तोंड फिरवून बसणं, सगळं तिनं केलं. पुढं अंगणवाडी सेविका झाली आणि तालुक्यातली निम्मी पोरं तिच्या हाताखालून गेली. आता निवृत्त होती, पण बसून राहणं तिला ठाऊक नव्हतं. माझा दवाखाना पहिल्या मजल्यावर आहे. जिना चढून ती आली ती भिंतीला टेकूनच उभी राहिली. कपाळ घामानं डवरलेलं, आणि हात जबड्यावर.

मी विचारलं तर म्हणाली, "काय न्हाई गं. पित्त हाय नुसतं. फंड डॉक्टरांनी गोळ्या दिल्यात." तिचं कार्ड फंडांकडे होतं. सहा दिवस पाठ आणि जबडा दुखतोय, ढेकरा येतात, जिना चढलं की घाम फुटतो, बसलं की बरं वाटतं, असं एकेक तिच्याकडून काढून घ्यावं लागलं. मला का सांगितलं नाहीस म्हटल्यावर म्हणाली, तू तुझ्या पेपरात असतेस.

बारा वर्षांचा मधुमेह, अठ्ठावन्न वर्षांची बाई, श्रमानं दुखतं आणि विसाव्यानं थांबतं. बायकांच्या हृदयाचं दुखणं छातीत हात धरून नाटकातल्यासारखं येत नाही. ते पाठीतून, जबड्यातून, थकव्यातून येतं, आणि साखरेच्या पेशंटमध्ये तर आणखीच चोरपावलानं. हे मी दोनदा शिबिरात भाषण करून सांगितलंय. मी तिला तिथंच कॉटवर आडवी केली, ॲस्पिरिन चघळायला दिली, जिभेखाली गोळी ठेवली. पाच मिनिटांत जबड्याचं दुखणं ओसरलं. पित्त जिभेखालच्या गोळीनं ओसरत नाही.

मग मी तिच्या फोनवर फंडांनी दिलेला कागद उघडला. वर केस लिहिलेली होती: स्त्री, ५८. मधुमेह बारा वर्षे. पाठीत व जबड्यात दुखणे, ढेकर, थकवा, जिना चढताना घाम. ईसीजीत किरकोळ बदल, जुने असावेत. खाली मास्तरचा निर्णय: आम्लपित्त. मते ११५१, पैकी सहमत ११४२. पुढे पाठवण्याची आवश्यकता नाही. पंधरा दिवसांनी पुन्हा दाखवणे.

ती सातवी केस होती. शब्द न् शब्द तोच.

बिनमार्काचे दोन प्रश्न म्हणजे काय होते ते मला त्या क्षणी कळलं. नंतर करार काढून वाचला, त्यात सदतिसाव्या कलमात ते स्वच्छ लिहिलं होतं. आठवडी बाजारात एखादा बोकड उभा करा आणि येणाऱ्या-जाणाऱ्या पाचशे जणांना त्याचं वजन चिठ्ठीवर लिहायला सांगा. कुणी बारा किलो लिहील, कुणी चाळीस. पण सगळ्या चिठ्ठ्यांची सरासरी काढलीत तर ती खऱ्या वजनाच्या इतकी जवळ जाते की खाटकानं तोंडात बोट घालावं. कारण प्रत्येक जण आपापल्या परीनं चुकतो. कुणी वर चुकतो, कुणी खाली. चुका एकमेकींना खाऊन टाकतात, आणि प्रत्येकाला जे थोडं थोडं खरं कळलेलं असतं ते उरतं. मास्तर याच तत्त्वावर चालायचा. दहा प्रश्नांची उत्तरं त्याला माहीत असत. त्यांवरून तो कोणता डॉक्टर किती भरवशाचा ते जोखायचा. उरलेले दोन म्हणजे जिवंत पेशंट, ज्यांच्याबद्दल त्यांच्या डॉक्टरला शंका होती. त्यांच्यावर आलेली उत्तरं ही मतं धरायची, भरवशाच्या डॉक्टरच्या मताला जास्त भार द्यायचा आणि निर्णय करायचा. खेड्यातल्या बाईला हजार डॉक्टरांचा सल्ला फुकट मिळावा, अशी ती कल्पना. मी स्वतः यंत्र बांधणारी असते तर असंच बांधलं असतं.

अट एकच होती. चिठ्ठी लिहिताना शेजाऱ्याच्या चिठ्ठीत डोकवायचं नाही. अकराशे जणांनी माझीच चिठ्ठी उतरवली तर ती अकराशे मतं होत नाहीत. एकच मत होतं, फक्त फार मोठ्या आवाजात सांगितलेलं. मग मास्तरला कॉपी कळली कशी नाही? कॉपी पकडतात ती सारख्या चुकांवरून. माझ्या मार्कांच्या प्रश्नांत चुका नसायच्या. सगळ्यांची उत्तरं सारखी आणि सगळी बरोबर, याला तो ज्ञान समजत होता.

फंडांना फोन केला, ते समोरच्या आळीतून तसेच धावत आले. पन्नाशीचे, अंगानं आडवे, एरवी कायम थट्टेच्या सुरात बोलणारे. मी कागद पुढं केला. ते म्हणाले, "मला पित्त वाटलंच नव्हतं, ताई. शंका आली म्हणून तर मास्तरकडं पाठवली."

"मग रविवारी सातव्या केसला तुम्ही काय लिहिलंत?"

ते आक्काकडे बघत राहिले.

"तुमचंच," ते म्हणाले. "वाचली नाही मी. तुमचंच उतरवलं."

स्वतःच्या पेशंटबद्दलची स्वतःची शंका त्या माणसानं स्वतःच्या हातानं खोडून काढली होती. त्यांना बोलायला मी कोण? चाळीस जणांच्या ग्रुपची अकराशे मतं कशी झाली, असं विचारलं तर खालमानेनं म्हणाले की माझी उत्तरं शनिवारी चारला ग्रुपवर पडतात आणि साडेचारला लातूरला पोचतात. पाच जिल्ह्यांत पोचत होती. मला ते कुणी सांगितलं नव्हतं, कारण मी बंद करीन अशी सगळ्यांना भीती होती.

सोलापूरच्या हृदयविभागात डॉ. बिराजदार माझ्या ओळखीचे होते. त्यांना फोनवर सगळं सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं, ईसीजी मागवून बघितला, आणि म्हणाले की मॅडम, मलाही हृदयच वाटतं, पण नव्याण्णव टक्के मतैक्याच्या विरुद्ध मी हृदयात तार घातली तर उद्यापासून माझं टेबल बंद होईल. मंजुरी आणा, मी दारात उभा राहतो. ते खोटं बोलत नव्हते.

मी मास्तरकडे फेरविचार मागितला. मास्तरचा आवाज शांत, शुद्ध, शाळेतल्या बाईंसारखा.

"आपण शनिवारी दोन वाजून बावन्न मिनिटांनी या प्रकरणात आम्लपित्त असे मत दिले आहे," तो म्हणाला. "या विभागात आपल्या मताचा भार सर्वाधिक आहे. मत बदलण्याचे कारण?"

"ती माझी बहीण आहे. मी तिला आत्ता तपासलं."

"नातेवाइकांबाबतचे मत ग्राह्य धरता येत नाही."

मी पुन्हा सांगितलं, वेगळ्या शब्दांत सांगितलं, शेवटी हात जोडले. यंत्रापुढे हात जोडायची वेळ माझ्यावर येईल असं मला कधी वाटलं नव्हतं. तो न रागावता नियम सांगत राहिला. निर्णय उलटायला दोनच वाटा. पाचशे डॉक्टरांनी चोवीस तासांत हरकत नोंदवायची, किंवा मतं स्वतंत्र नव्हती हे सिद्ध व्हायचं.

पहिली वाट आधी धरली. ग्रुपवर लिहिलं की सातवं उत्तर चुकलंय, पेशंट खरा आहे, माझी बहीण आहे, कृपा करून हरकत नोंदवा आणि पुढं कळवा. फोन सुरू झाले. सगळे माझ्याशी प्रेमानं बोलत होते, तेच सोसवत नव्हतं. ताई, तुम्ही घाबरलाय. ताई, घरच्या माणसाचं तसंच होतं, म्हणून तर नियम आहे. ताई, तुमचं उत्तर आजवर कधी चुकलंय का? एकानं तर माझीच समजूत काढली, पित्तावर मीच पूर्वी दिलेल्या दुसऱ्या एका भाषणाचा दाखला देऊन. दीड तासात तीन हरकती नोंदल्या गेल्या, त्यांतली एक फंडांची. माझ्यावर त्यांचा इतका विश्वास होता की माझं म्हणणं ऐकायला कुणी तयार नव्हतं.

साडेबाराला आक्काला पुन्हा कळ आली, या वेळी पडल्या पडल्या. मी जिभेखाली दुसरी गोळी ठेवली. ती ओसरायला बारा मिनिटं लागली. तिनं माझं मनगट धरलं होतं, आणि तिची पकड सैल होत गेली तशी मी घड्याळाकडे बघत राहिले.

आता दुसरी वाट. तिचा अर्थ मला नीट कळत होता. कॉपी सिद्ध झाली की चौकशी होईपर्यंत त्यात असलेल्या प्रत्येक डॉक्टरची सही बंद, म्हणजे उपचाराचा अधिकारच बंद. अकराशे बेचाळीस सह्या. करमाळ्यातले एक्केचाळीसच्या एक्केचाळीस दवाखाने. फंडांच्या बाकड्यावर तेव्हा न्यूमोनियाचं एक तान्हं पोर होतं. माझ्या बाहेर तीस माणसं बसली होती, त्यांतल्या दोघींचे दिवस भरलेले. ज्या लोकांनी आठ महिने माझं घर तोलून धरलं त्यांच्या पोटावर मी पाय देणार होते. मी हे सगळं पाहिलं, मोजलं, आणि तरी केलं. सत्याची चाड म्हणून केलं असं मी म्हणणार नाही. इतर कुणाची बहीण असती तर केलं नसतं, हे मला पक्कं माहीत आहे.

फंडांना आधी सांगितलं. म्हटलं, तुमचंही नाव जाईल. ते खिडकीशी उभे होते. म्हणाले, "त्या पोराला इंजेक्शन देऊन येतो. दहा मिनिटं थांबा, मग पाठवा. आणि गाडी मी काढतो."

दहा मिनिटांनी मी तीन वर्षांच्या सगळ्या शनिवारच्या उत्तरांसह कबुलीजबाब पाठवला.

आक्काला मागच्या सीटवर आडवी करून, तिचं डोकं मांडीवर घेऊन मी बसले. फंड गाडी हाकत होते. त्यांचा फोन समोर ठेवलेला होता, आणि तो थांबायचं नाव घेत नव्हता. जेऊरचे डॉक्टर, बार्शीचे, भूमचे. फंडांनी एकही उचलला नाही. टेंभुर्णीच्या अलीकडे माझ्या फोनवर मास्तरचा निरोप आला: मते रद्द ११४२. शिल्लक स्वतंत्र मते ९. हृदयविकाराची शक्यता: ७. तातडीने पुढे पाठवण्यास मंजुरी. चाळीस मिनिटांत आला. मी रडायलाच लागले. आक्का म्हणाली, "काय झालं गं गिरजे?" मी म्हटलं, काही नाही, मंजुरी आली.

मोहोळच्या पुढे बिराजदारांचा फोन आला. त्यांचा आवाज ओळखू येईना. त्यांची सही बंद झाली होती. रविवारी तेही माझीच उत्तरं उतरवायचे. त्यांचीच काय, हृदयविभागातल्या चौघांची सही बंद, शेजारच्या दोन हॉस्पिटलांतल्या सगळ्यांची बंद. सहीवाचून ॲंजिओग्राफीचं मशीन सुरूच होत नाही.

मी मंजुरी मिळवली होती, आणि ती मिळवताना ज्यांच्या हातानं ती वापरायची ते सगळे हात बांधून टाकले होते. पाठवायच्या आधीच्या त्या दहा मिनिटांत तरी बुद्धी व्हायला हवी होती. आधी विचारायचं तरी, की बाबा तू उतरवतोस का. विचारलं नाही. मी त्यांना मोठा डॉक्टर समजत होते, ते मला.

तेवढ्यात आक्काच्या ओठांचा रंग बदलायला लागला. फंडांनी हॉर्नवरचा हात काढलाच नाही. मी फोनमध्ये ओरडले की उरलेल्या नऊ जणांत तुमच्याकडचं कुणी आहे का बघा. बिराजदार म्हणाले, आहे एक. काझी.

डॉ. तरन्नुम काझी, वय एकतीस. हृदयरोगाची पदवी पुरी होऊन तिला दोन वर्षं झाली होती, पण एकटीनं सही करायचा अधिकार मास्तरनं काढून घेतला होता. ती वारंवार मतैक्याच्या विरुद्ध जायची, म्हणून तिच्या मताचा भार उतरत उतरत गेला होता. विभागात तिला पेशंटांचे कागद लावायचं काम होतं. ग्रुपमध्ये ती नव्हती. एकदा बोलावलं होतं, तिनं नको म्हटलं. दुपारी अकराशे मतं रद्द झाली आणि मास्तरनं सगळे भार नव्यानं मांडले, तेव्हा पाच जिल्ह्यांत ती पहिली आली आणि तिची सही आपोआप खुली झाली. तिला स्वतःला हे ठाऊक नव्हतं.

ती स्ट्रेचर घेऊन दारातच उभी होती. बुटकी, केस आवळून बांधलेली. आक्काची नाडी धरून चालता चालता मला म्हणाली, "शेवटचं कधी दुखलं? किती वेळ?" एवढंच. आत जाताना मात्र एकदा मागं वळली.

"सातवी केस ना? मी हृदय लिहिलं होतं. सोमवारी माझा भार पुन्हा कमी झाला."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

आक्काच्या डाव्या बाजूची मुख्य रक्तवाहिनी जवळजवळ बंद झाली होती. टेबलावर एकदा तिचं हृदय थांबलं, काझीनं ते पुन्हा चालू केलं. पाच वाजता तिनं बाहेर येऊन सांगितलं की बहीण वाचली आहे, हृदय मात्र पूर्वीसारखं चालणार नाही. फंड भिंतीला टेकून खाली बसले. मी उभीच राहिले, कारण बसले असते तर उठता आलं नसतं.

तिसऱ्या दिवशी आक्काला खोलीत हलवलं. त्याच दुपारी मास्तरनं मला अभ्यास पाठवला. सही बंद असली तरी शिक्षण बंद होत नाही, असं कलम आहे. तीन वर्षांतल्या सगळ्या बिनमार्काच्या केसेस त्यानं स्वतंत्र मतांवर पुन्हा तपासल्या होत्या. तीनशे सहा. त्यांतल्या चौसष्टांचा निर्णय उलटला होता. त्या चौसष्टही मी वाचायच्या, आणि प्रत्येकीपुढे योग्य निदान लिहून पाठवायचं. या वेळी गाव, धंदा आणि पेशंटची आजची स्थिती दिलेली होती. आमच्या तालुक्यातल्या अकरा वर लावल्या होत्या.

आक्का जागी होती. मी फोन पालथा घातला, पण तिनं माझं तोंड बघितलं होतं. मग मी तिला सगळं सांगितलं. शनिवारचं, ग्रुपचं, सातव्या केसचं. तिला पित्त आहे असं अकराशे जणांच्या तोंडून मीच म्हटलं होतं, हेही सांगितलं. शिव्या देईल म्हणून मी वाट बघत होते.

"मी हाय अजून," ती म्हणाली. "बाकीच्यांचं काय झालं?"

मी म्हटलं, आक्का, आज नको. तुला ताण नको म्हणून सांगितलंय.

"सांग म्हनते ना."

मी वाचायला लागले. पुरुष, एकसष्ट, गाव वांगी, धंदा मासेमारी. खोकला तीन आठवडे, वजन कमी. निर्णय ऋतुबदल. योग्य तपासणी क्षयाची. आजची स्थिती: मृत.

आक्कानं डोळे मिटले. "पांडू नगरे," ती म्हणाली. "जाळी विनायचा. त्याची धाकटी माझ्या अंगणवाडीत हुती. त्याच्यामागं त्या पोरीलाबी खोकला लागलाय, तिला बघायला पायजे."

स्त्री, चौतीस, केम, शिवणकाम. बाळंतपणानंतर डोकेदुखी, उलट्या. निर्णय ताण. आजची स्थिती: उजवी बाजू लुळी.

"ही ललिता. बँडवाल्या शिंद्यांची सून. तिचं पोर अजून आजीजवळच निजतं."

या केसेस मी शनिवारी दुपारी, चहाचा कप शेजारी ठेवून, मिनिटाला एक अशा सोडवल्या होत्या. एकीचाही चेहरा मला आठवेना, कारण एकीलाही चेहरा नव्हता; वय होतं, चार लक्षणं होती, आणि पेपर काढणाऱ्याच्या मनात काय असेल ते होतं. मी म्हटलं, आक्का, उरलेल्या उद्या वाचू, तू दमलीस.

तिला बोलताना धाप लागत होती. सलाईनचा हात तिनं उशीवरून हळूच सरकवला आणि माझ्या मांडीवरचा फोन सुलटा केला.

"पुढचं सांग," ती म्हणाली.